जुळणीची वही

उमरग्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरखाली पत्र्याच्या डब्यात बंद पडलेले फोन असतात आणि डब्यावर एक जाड वही. काम शिकायला येणारी पोरं तिला ‘जुळणीची वही’ म्हणतात. कुठल्या मॉडेलची बॅटरी कुठल्या मॉडेलला बसते, कुणाचा चार्जिंग बोर्ड कुणाला चालतो, कुठे स्क्रूचं भोक अर्ध्या मिलिमीटरनं सरकलंय, हे सगळं मी तिच्यात हातानं लिहीत आलोय. ही सातवी वही. पहिल्या तीन वह्यांत मिळून जेवढ्या नोंदी आहेत, तेवढ्या आता एका वर्षात होतात. तरीही गिऱ्हाइकाला “आजच देतो” असं सांगायची हिंमत पूर्वीपेक्षा कमी झाली आहे.

असं का झालं, ते माझ्या कामातूनच सांगतो.

एका फोल्डरचे नऊ दिवस

गेल्या श्रावणात मुरूमकडच्या एका गावातल्या अंगणवाडी सेविका दुकानात आल्या. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला फोन काढून त्यांनी काउंटरवर ठेवला. “दादा, पोराच्या हातनं पडला. दिसतंय सगळं, पण बोट लावलं की काहीच होईना. लेकरांची हजेरी रोज ह्याच्यातच भरायची असती.”

फोनचं नाव त्यांनी सांगितलं. मला नुसत्या नावावर काम करता येत नाही. हल्ली एकाच नावाखाली साधा, प्रो, फोरजी, फाइव्हजी असे चार-चार फोन निघतात. बाहेरून सख्खी भावंडं वाटतात, आत मात्र एकाचा भाग दुसऱ्याला लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल नंबर काढला आणि सोलापूरला नव्या पेठेतल्या होलसेलवाल्यांना फोन लावला. काच, टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेला जो भाग असतो, त्याला आमच्या धंद्यात फोल्डर म्हणतात. फोल्डरला मागून एक पट्टी असते, ती मदरबोर्डात खोचायची. होलसेलवाले म्हणाले, “पट्टीवरचा नंबर पाठवा, ह्यात दोन प्रकार येतात.” फोन उघडला, भिंगाखाली धरून बारीक अक्षरांचा फोटो काढला आणि पाठवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रॅव्हल्सच्या गाडीतून फोल्डर आला. पट्टी कनेक्टरात बसेना. मॉडेल तेच, पण कंपनीनं डिस्प्ले दोन कारखान्यांतून घेतलेले असतात आणि दोघांच्या पिना वेगळ्या. तो परत पाठवला. दुसरा हैदराबादच्या अबिड्समधल्या जगदीश मार्केटमधून मागवला. तो बसला, चित्रही आलं, पण टच मेलेला. फोनचं सॉफ्टवेअर मधल्या काळात अपडेट झालं होतं आणि कॉपी फोल्डरमधल्या टचच्या आयसीला ते ओळखत नव्हतं. तिसरा पुण्याच्या बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळून आला. तो लागला तेव्हा नववा दिवस होता.

त्या नऊ दिवसांत बाई पुतण्याचा फोन मागून काम चालवत होत्या. पुतण्या कामावर गेला की हजेरी राहायची. त्या दोनदा गावाहून येऊन रिकाम्या हातानं परत गेल्या. मी फोल्डरचे पैसे एकदाच घेतले. पण तीन पार्सलांचं भाडं, तीनदा फोन उघडणं, त्यांच्या दोन खेपा आणि रोजचं ओशाळेपण कुठल्याच बिलात लिहिलं जात नाही.

अंगणवाडीच्या फोनचं दुखणं महाराष्ट्रानं मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी कामासाठी मिळालेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन तापतात, मेमरी पुरत नाही आणि बिघडला की दुरुस्तीचा खर्च तुटपुंज्या मानधनातून जातो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्या आंदोलनाबद्दल वाचताना मला माझा काउंटर दिसत होता. ज्या वस्तूवर सरकारी काम चालतं, रेशनचा ओटीपी येतो, ई-पीक पाहणी होते, ती वस्तू बिघडल्यावर तिचा भाग कुठून येणार, हा प्रश्न वस्तू देताना कुणी विचारलेला नसतो.

मातीतून निघालेला रेडिओ

मी या कामात आलो तो भूकंपानंतर. आमचं गाव सास्तूरजवळ, आताच्या लोहारा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक निजले होते आणि पहाटे चारच्या सुमाराला दगडमातीची माळवदं अंगावर आली. मी सोळा वर्षांचा होतो. आमची आजी त्यात गेली.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना वडिलांनी मातीतून काढलेला रेडिओ उमरग्याला एका उस्तादांकडं नेला. मी सोबत होतो. डबा चेपलेला, स्पीकरचा कागद फाटलेला, आत सगळी माती. उस्तादांनी ब्रशनं माती झाडली, तपासत तपासत एक ट्रान्झिस्टर उपसला आणि त्यावरचा नंबर मोठ्यानं वाचला, “बीसी एकशे अठ्ठेचाळीस.” मग ड्रॉवरमधून भलत्याच कंपनीच्या जुन्या रेडिओतला बीसी १४८ काढून त्याला डाख लावला. चार इंची, आठ ओहमचा एक स्पीकर भिंतीला टांगलेला होता, तो जोडला. कंपनी वेगळी, पण माप तेच आणि ओहम तेच. तासाभरात रेडिओ बोलायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुणे केंद्राच्या बातम्या आमच्या शेडभोवतीच्या दहा-बारा घरांनी ऐकल्या. दिवाळीनंतर मी उस्तादांच्या हाताखाली राहिलो.

त्यांनी मला पहिला धडा दिला तो नंबर वाचण्याचा. वन-एन-४००७ हा डायोड म्हणजे एक अँपियर आणि हजार व्होल्ट, मग तो कुणीही बनवलेला असो. ७८०५ म्हणजे पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर. एखादा नंबर बाजारातून गेला असेल तर इक्विव्हॅलंटचं पुस्तक असायचं, त्यात त्याच्या पुढं चालणारे पर्याय छापलेले. बऱ्याच रेडिओंच्या मागच्या झाकणाला आतून सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. कारखान्यातल्या माणसाला उमरगा कुठं आहे हे ठाऊक नसेल, पण उद्या कुठल्या तरी गावात कुणीतरी हे झाकण उघडणार आहे, एवढं त्यानं धरलेलं असायचं.

हा धर्म काही वस्तूंनी अजून पाळला आहे. रिमोटमध्ये आणि वजनकाट्यात बसणाऱ्या चपट्या गोल सेलवर सीआर २०३२ लिहिलेलं असतं. त्यातला ‘सी’ लिथियमच्या प्रकाराचा, ‘आर’ म्हणजे गोल, २० मिलिमीटर रुंदी आणि ३.२ मिलिमीटर जाडी. बॅटरीवर चालणाऱ्या टॉर्चमधला १८६५० सेल म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. नावातच माप. असा सेल मागायला गिऱ्हाइकाला माझी गरज लागत नाही आणि लागूही नये.

पाव इंचाहून कमी जाडीची सोय

जुळणीची गोडी आमच्या भागात सगळ्यांना कळली ती नोकियाच्या बीएल-५सी बॅटरीमुळं. ३.७ व्होल्टची, नखानं उपसता येणारी, पाव इंचाहून कमी जाडीची वडी. ही एकच बॅटरी नोकियाच्या कितीतरी मॉडेलांना चालायची. ऑगस्ट २००७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की एका पुरवठादारानं बनवलेल्या या प्रकारच्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांत दोष असू शकतो, मागचा नंबर तपासा आणि लागल्यास बदलून घ्या. त्या आठवड्यात शेतकरी, मास्तर, वडापचे ड्रायव्हर असे सगळे बॅटरी उपसून नंबर वाचायला माझ्याकडं आले. मागचा २६ अक्षरांचा नंबर मी भिंगानं वाचून दाखवत होतो. ज्याला नंबर आहे त्याचा दोषही शोधता येतो, हे मी तेव्हा शिकलो.

ते फोन गेले, पण बॅटरी राहिली. मेमरी कार्ड टाकून हरिपाठ आणि आराधी गाणी ऐकायचे छोटे स्पीकर बाजारात आले, त्यांच्या मागच्या खोबणीत बीएल-५सीच बसते. तुळजापूरला पायी जाणाऱ्यांच्या झोळीत, राखणीला बसलेल्या माणसाच्या उशाला ते दिसतात. बनवणारे कारखाने निराळे असूनही त्यांनी तीच बॅटरी धरली, कारण ती खेड्यातल्या दुकानातसुद्धा मिळते. एका गुराख्याचा स्पीकर माझ्याकडं आला होता. घरातला जुना फोन कधीच बंद पडला होता, त्याची बॅटरी काढून त्यानं स्पीकरला लावली होती. कुणाला विचारायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

आता जुळत का नाही

आजच्या फोनची बॅटरी झाकणाआड चिकटवलेली असते. फोन पातळ करायचा म्हणून प्रत्येक मॉडेलमध्ये उरलेल्या जागेच्या आकाराची बॅटरी कापून घेतात. तिची पट्टी कधी डावीकडं, कधी उजवीकडं. तरी आकार डोळ्यांना दिसतो. न दिसणारी गोष्ट व्होल्टची असते. जुन्या लिथियम बॅटऱ्यांवर ३.७ लिहिलेलं असे आणि त्या पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर थांबत. नव्या बऱ्याच बॅटऱ्यांवर ३.८५ असतं आणि त्या ४.४ पर्यंत भरतात. कुठवर भरायचं ते फोन ठरवतो. ४.४ पर्यंत भरणाऱ्या फोनला ४.२ ची बॅटरी लावली तर फोन तिला तिच्या सोसण्यापलीकडं भरत राहतो.

ही चूक माझ्या हातून झालेली आहे. २०१९ साली एका अकरावीतल्या मुलीच्या फोनला मी आकार, पट्टी आणि एमएएच, म्हणजे बॅटरीची क्षमता, जुळवून बॅटरी लावली. लेबलवर सगळं बरोबर छापलेलं होतं. दोन महिन्यांनी तिचे वडील आले. बॅटरी फुगून फोनची पाठ उकलली होती. फोन रात्री तिच्या उशाजवळ चार्जिंगला असायचा, हे ऐकून माझे हात गार पडले. मी त्यांना फोनची किंमत भरून दिली. आतली बॅटरी जुन्या प्रकारची होती आणि वरचं लेबल खोटं होतं, हे नंतर तपासल्यावर कळलं. त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलं: आधी व्होल्ट, मग माप, मग एमएएच. तेव्हापासून मी नवी बॅटरी लावली की दुकानात एकदा पूर्ण भरून, मीटरनं मोजून मगच देतो.

दुसरी अडचण सॉफ्टवेअरच्या कुलपाची. काही फोनांत डिस्प्ले, बॅटरी किंवा कॅमेऱ्याचा अनुक्रमांक मदरबोर्डशी बांधलेला असतो. तसाच्या तसा दुसरा फोन उघडून त्यातला अस्सल भाग काढून लावला, तरी फोन ‘अनोळखी भाग’ असा इशारा देतो किंवा एखादी सोय बंद ठेवतो. माझ्या उस्तादांनी जुन्या रेडिओतला ट्रान्झिस्टर काढून आमचा रेडिओ जिवंत केला होता. त्या कामाला इथं दारच बंद आहे. चोरीच्या फोनचे भाग विकले जाऊ नयेत म्हणून हे असतं, असं सांगतात. चोरीला आळा बसायलाच हवा. पण गिऱ्हाइकानं स्वतः आणून दिलेल्या त्याच्याच जुन्या फोनचा भाग वापरायची वाट तरी खुली असावी.

तिसरी अडचण अंतराची. चीनच्या शेन्झेन शहरातल्या ह्वाचियांगबेईच्या बाजारात फोनचे भाग आठवडी बाजारातल्या भाजीसारखे मांडलेले असतात. तिथून दिल्ली, मुंबई, तिथून हैदराबाद, पुणे, मग सोलापूर आणि शेवटी उमरगा. प्रत्येक टप्प्यावर दुकानदार खपतात तेवढ्याच मॉडेलांचा माल ठेवतो. कंपनी काही महिन्यांत मॉडेल बदलते, आमच्याकडचा माणूस तोच फोन चार-पाच वर्षं वापरतो. त्याचा फोन बिघडतो तेव्हा त्या मॉडेलचा माल वरच्याच टप्प्यावर आटलेला असतो. मग ‘ओरिजनल’, ‘ओजी’, ‘फर्स्ट कॉपी’ अशा नावांनी जे येतं त्यातून निवडायचं. या नावांना कुठलंही ठरलेलं माप नाही. फोल्डरवरची पातळ फिल्म निघाली की माल परत घेत नाहीत, म्हणून मी प्रत्येक फोल्डर न चिकटवता, पट्टी जोडून, हातात धरून तपासतो. एवढं करूनही चुकीचा भाग आला की दिवस जातात ते गिऱ्हाइकाचे.

कायदा कुठवर आलाय

भाग आणि माहिती अडवून ठेवणं ही फक्त फोनची गोष्ट नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या मेकॅनिकना खुली करत नाहीत, असं आयोगानं धरलं. प्रकरण पुढं अपिलात गेलं, पण गॅरेजवाल्यालाही माहितीचा हक्क आहे, हा विचार निकालपत्रात उतरला.

फोन आणि घरगुती उपकरणांसाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, वॉरंटी, सुटे भाग हे एका जागी सांगावं, असा त्यामागचा हेतू. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीनं ‘दुरुस्ती-सुलभता निर्देशांका’ची शिफारस केली. फ्रिजवर वीज बचतीचे तारे असतात, तसा फोनवर दुरुस्तीचा गुणांक असावा अशी कल्पना आहे. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग वेळेत मिळतात का, माहिती आणि हत्यारं मिळतात का, सॉफ्टवेअर किती काळ मिळेल, यावर गुण. फ्रान्समध्ये असा गुणांक १ जानेवारी २०२१ पासून छापला जाऊ लागला.

युरोपीय संघ याच्या पुढं गेलाय. तिथं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना टाइप-सी चार्जिंग सक्तीचं झालं. २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनसाठी, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं महत्त्वाचे भाग पुरवणं आणि मागितल्यावर ५ ते १० कामाच्या दिवसांत देणं बंधनकारक आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं २०२४ च्या कायद्यात अनुक्रमांकाच्या कुलपालाच मनाई केली. सात वर्षं, दहा दिवस असे आकडे कायद्यात आले की गिऱ्हाइकाला बोट ठेवायला जागा मिळते. आपल्याकडच्या निर्देशांकालाही असे आकडे हवेत आणि ते देताना मोजमाप पुण्या-मुंबईत नको. उमरगा, परंडा, भूम इथं भाग किती दिवसांत पोचतो ते मोजावं.

तोवर आपल्या हातात काय

फोन घेताना दुकानदाराला विचारा, ह्याचा फोल्डर आणि बॅटरी आज इथं मिळते का? ज्याचं उत्तर ‘हो’ येईल तो फोन कॅमेऱ्यात थोडा कमी असला तरी घ्या. बॉक्स आणि बिल जपून ठेवा. *#०६# दाबून येणारा आयएमईआय आणि सेटिंगमधला मॉडेल नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण स्क्रीन गेल्यावर तो दिसणार नाही.

चार्जर किंवा बॅटरी घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. काढलेला जुना भाग मागून घ्या, त्यावरचा नंबर पुढच्या वेळी उपयोगी पडतो. बॅटरी मात्र फुगलेली असेल तर घरी नेऊ नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. ती दुरुस्तीवाल्याकडं किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडं द्या. वॉरंटीत असूनही कंपनी भाग देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

सेविकाबाईंचा फोन देऊन झाल्यावर मी वही उघडली. मॉडेल नंबर, पट्टीवरचा नंबर, न बसलेला फोल्डर, बसूनही न चाललेला फोल्डर, आणि खाली चाललेला. शेवटी लिहिलं: दिवस ९. आठवड्याभरात नळदुर्गच्या एका दुरुस्तीवाल्याचा फोन आला, त्याच्या टेबलावर तेच मॉडेल होतं. मी त्या पानाचा फोटो त्याला पाठवला. त्यानं पहिल्याच फोनला बरोबर फोल्डर मागवला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हातात फोन ठेवला.

एका ओळीनं सात दिवस वाचले. ती ओळ फोन बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती. त्यानं ती झाकणाच्या आतल्या बाजूला छापली असती, तर त्या बाईंना गावाहून येऊन दोनदा रिकाम्या हातानं परत जावं लागलं नसतं. सातव्या वहीची थोडीच पानं उरली आहेत. आठवी विकत आणून ठेवली आहे, पण ती कोरी राहिली तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल.